मृगाची कैरी

लोणच्याची कैरी झाडावरून कधी उतरवायची, हे जांब समर्थमध्ये पहिला पाऊस सांगतो. सात-आठ जूनला मृग लागतो. त्याआधी चैत्र-वैशाखात कैरीचा बाठा कोवळा असतो. ती कैरी पन्ह्याची, तक्कूची, मेथांब्याची. रामनवमीच्या उत्सवात वाटल्या डाळीत किसून पडते तीही तीच. मृगाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की कैरी भरते, बाठा टणक होतो, गर करकरीत होतो. आणखी चार जोराचे पाऊस झाले, की मग तिला पाड लागतो, आंबटपणा उतरतो आणि फोड बरणीत मऊ पडते. खरे लोणच्याचे दिवस मधले आठ-दहाच. नेमक्या त्याच दिवसांत पेरणी. घनसावंगीकडच्या काळ्या रानात वाफसा आला की बाई दिवसा तिफणीमागे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात कैरीच्या ढिगापुढे, असा तो आठवडा जायचा.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात या दिवसांत लाकडी पाटावर बसवलेले मोठे अडकित्ते घेऊन माणसं बसतात. कैरी ठेवायची, दांडा दाबायचा, खाडकन दोन भाग. बाठ्याच्या आतली कोय आणि पापुद्रा काढून टाकायचा, कडक कवच मात्र फोडीला धरून ठेवायचं. ज्या फोडीला बाठा आहे तीच वर्षभर टिकते, हे तिथं शाळेत जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

जांब समर्थ हे माझं आजोळ. जालन्याकडचं, गोदावरीच्या उत्तरेचं, समर्थ रामदासांचं जन्मगाव. मराठवाड्याचा इतिहास मी पुस्तकांत वाचला तो पुढे. आधी तो ऐकला लोणच्याच्या खोलीत. निजामाचं राज्य, रझाकार, बहात्तरचा दुष्काळ, जायकवाडीचं पाणी, यातलं काहीही त्या घरात तारखेनं सांगितलं जात नसे. ‘त्या साली लोणचं घातलंच नाही’, ‘त्या साली खार पुरला नाही’, ‘त्या साली झाड तोडलं’, अशी कालगणना होती. माझं आता ठाम मत झालं आहे, की पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखात पुढच्या वर्षाचा विचार सगळ्यात नेटानं कुणी केला असेल, तर तो बरण्या भरणाऱ्या बायकांनी.

त्या खोलीची मालकीण होती आक्का, आजोबांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच नवरा गेला. परकराच्या वयात ती माहेरी परतली आणि जन्मभर तिथंच राहिली. तिला शेतात वाटा नव्हता, अंगावर दागिना नव्हता, सणावाराला पुढे येण्याची मुभा नव्हती. माजघराच्या डाव्या हाताची ती काळोखी खोली मात्र तिची. किल्ली कायम कनवटीला. आजोबांनासुद्धा लोणचं हवं असेल तर ते उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणत, ‘आक्का, जरा फोड द्या.’ त्या घरात आजोबा कुणापुढे हात पसरताना दिसले असतील, तर ते तिथेच.

आक्काचं माप शेरातलं. देशात किलो आले 1958 नंतर, तिच्या हिशेबात ते शेवटपर्यंत शिरले नाहीत. दहा शेर फोडींना दोन शेर मीठ, शेरभर मोहरी, शेरभर तिखट, पावशेर मेथ्या, हळद, आणि हिंग ‘हात सैल सोडून’. मीठ खड्यांचं, आधी कढईत कोरडं भाजलेलं. तेल करडईचं, घाण्यावरचं. फोडींना मीठ-हळद चोळून त्या रात्रभर झाकून ठेवायच्या. सकाळी तळाशी खार सुटलेला असे. फोडी निथळून पंचावर पसरायच्या, खार वेगळा जपायचा. बरणी उन्हात तापवायची, निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून तिच्यात धुरी कोंडायची. मसाला, फोडी, मसाला, फोडी असे थर. वरून खार. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीच्या तोंडापाशी न्यायचं नाही. शेवटी पांढऱ्या फडक्याचा दादरा. तिसऱ्या दिवशी ढवळताना तेल चार बोटं वर आलेलं असलं पाहिजे.

मोहरी फेसायची वेळ आली की आम्हा पोरांना अंगणात पिटाळलं जाई. आक्का पाट्यावर पाण्याचा हबका देत देत मोहरी वाटायची. नाकात झणका जाऊन डोळ्यांत पाणी उभं राहिलं की म्हणायची, ‘आता बोलायलीय बघ मोहरी.’ हे तिचं शास्त्र रसायनशास्त्राच्या पुस्तकात मला पुढे जसंच्या तसं भेटलं. मोहरीच्या अख्ख्या दाण्यात झणका नसतोच. दाणा चिरडला आणि त्याला पाणी मिळालं, की आतलं एक विकर दुसऱ्या घटकाला भेटतं आणि ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. झणका त्याचाच, आणि बुरशी व जंतू थोपवण्याचं बळही त्याचंच. उकळतं तेल ओतलं तर ते विकर मरतं, मोहरी नुसती कडू राहते. म्हणून तेल गार करायचं. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा जंतूंना वाढायला मोकळं पाणी उरत नाही. कैरीचा आंबटपणा त्यांना आणखी जेरीस आणतो. वर तेलाचा थर, म्हणजे हवा बंद. चार पहारे आहेत हे, आणि त्यांतला एकही आक्कानं कधी सैल सोडला नाही. तिला वाचता येत नव्हतं. पण खार जिभेवर ठेवून ‘मीठ चिमटभर कमी आहे, श्रावणात भुरी येईल’ असं ती सांगायची, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या बरणीवर श्रावणात भुरी यायची.

आक्काच्या गोष्टींत समर्थांची आई राणूबाई शेजारच्या घरातली असावी तशी यायची. सूर्याजीपंत ठोसरांचा धाकटा मुलगा नारायण, 1608च्या रामनवमीचा जन्म, बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकून निघून गेला. बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला तप, बारा वर्षं तीर्थाटन, आणि मग एक दिवस जांबला येऊन दारात भिक्षेचा पुकारा. आईची दृष्टी तोवर गेलेली होती. परंपरा एवढं सांगते. आक्का त्यात आपलं घालायची: ‘चोवीस वर्षं त्या माउलीनं दर मृगात नारोबाच्या नावानं एक लहान बरणी निराळी भरली. डोळे गेले तरी भरली. हातानं चाचपून भरली.’ आणि परत आलेल्या मुलानं आधी काय मागितलं असेल, हे आम्ही पोरं ओरडून सांगायचो. ही गोष्ट तिनं कुठून ऐकली होती की स्वतः रचली होती, कोण जाणे. पण तरुणपणी सगळं गेलेल्या बाईनं वाट पाहणाऱ्या बाईसाठी योजलेलं हे काम मला कुठल्याही चमत्कारापेक्षा खरं वाटतं.

त्या बरणीत काय असेल, याचा विचार मात्र मी पुष्कळ केला आहे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, सोळाव्या शतकात, पश्चिम किनाऱ्यावर. तिथून घाट चढून गोदावरीकाठी पोचून रुळायला तिला वेळ लागला असणार. राणूबाईंच्या लोणच्यात तिखटपणा असलाच तर तो मिऱ्यांचा, आल्याचा, मोहरीचा. लोणचं त्याहून कितीतरी जुनं आहे. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेला इब्न बतूता हिंदुस्थानातल्या आंब्याबद्दल लिहितो, की पिकण्याआधी पडलेली फळं इथले लोक मिठात घालून मुरवतात. आलं आणि मिरीही तशीच मुरवतात आणि जेवणाच्या प्रत्येक घासाबरोबर थोडं थोडं खातात. हाच प्रवासी पुढे दौलताबादला राहून गेला. जालन्यापासून ते फार दूर नाही. लाल तिखटाचा एक कणही ज्यात नव्हता, असं लोणचं या भागानं शतकानुशतकं खाल्लं आहे.

समर्थांच्या परिघात अन्नाचा पंडितही होता. रघुनाथ गणेश नवहस्त. संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ नावाचा ग्रंथ लिहिणारा, धान्यांचे, पदार्थांचे गुणदोष मांडणारा. तंजावरला एकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय मिळाला. त्याआधी त्याचा समर्थांशी संबंध होता, हे भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी कागदपत्रांवरून दाखवलं. जांबच्या उत्सवात या नवहस्ताचं नाव मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ते घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं. वैराग्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या पंक्तीत जेवणाचा विचार करणारा माणूसही बसत होता, ही या गावाला भूषण वाटावी अशी गोष्ट आहे.

आजोबा सांगत, की त्यांच्या आजीच्या काळी लोणचं आतून लाख लावलेल्या मडक्यात असे. चिनीमातीच्या बरण्या आल्या रेल्वेनं. मनमाडहून जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी मीटरगेज 1901पर्यंत पुरी झाली आणि ‘जालना सोने का पालना’ म्हणवणारी पेठ आणखी भरभराटली. रांजणीच्या ठेसनावर उतरलेला माल बैलगाडीनं गावोगाव जाई. खाली पिवळसर पांढऱ्या, वर तपकिरी गळ्याच्या त्या बरण्या गवताच्या पेंढ्यात बसून आल्या, तेव्हा आक्काची आई अर्धी रात्र त्यांच्यावरून हात फिरवत बसली होती म्हणे. मीठही रेल्वेचंच. निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता. हिंग त्याहून लांबचा, अफगाणिस्तान-इराणकडचा. तो आजही बव्हंशी तिकडूनच येतो. आपल्या देशात त्याची पहिली लागवड 2020मध्ये हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात झाली. कैरी तेवढी आपल्या बांधावरची. त्या खोलीत बसून जग केवढं आहे ते मला कळत गेलं.

आणि मग ते साल, ज्याच्याबद्दल आजी बोलू लागली की हातातलं काम ठेवायची.

1948चा उन्हाळा. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं, रझाकारांच्या टोळ्या गावांत फिरत होत्या, भारत सरकारनं संस्थानची नाकेबंदी केलेली. मीठ महागलं, मग मिळेनासं झालं. आजी तेव्हा नवी सून. ‘मृग लागला, झाडं कैऱ्यांनी वाकलेली, आणि कुणी वर बघायला तयार नाही,’ ती सांगायची. एका रात्री निरोप आला, की शेजारच्या गावात जाळपोळ झाली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या आणि गाड्या उत्तरेला निघाल्या, वऱ्हाडाकडे. सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही गावं म्हणजे भारताची हद्द. जालन्याकडची किती तरी कुटुंबं त्या वाटेनं गेली. सामान काय घ्यायचं यावर घरात कुजबुजत वाद झाला. आक्का कुणाशी वाद घालत बसली नाही. मागल्या वर्षीची अर्धी उरलेली बरणी गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. देवघरातले देव आजोबांच्या झोळीत, बरणी आक्काच्या मांडीवर.

दोन रात्री गाड्या चालल्या. दिवसा ओढ्याच्या झाडीत लपायचं, चूल पेटवायची नाही, धूर दिसेल. बांधून घेतलेल्या भाकरी आणि त्या बरणीतला खार. वाटेत आणखी गाड्या मिळाल्या, ओळखीच्या, अनोळखी. आक्का ज्याच्या त्याच्या भाकरीवर एक एक फोड ठेवत गेली. सोवळ्याओवळ्यात हयात घालवलेली बाई त्या दोन दिवसांत कुणाचीही जात विचारत नव्हती, हे आजी प्रत्येक वेळी न चुकता सांगायची.

पलीकडे आजीच्या मामाकडे मुक्काम पडला. घरात माणसंच माणसं. बरणी लवकरच रिकामी झाली. आजीच्या मामीनं ती धुऊन, उन्हात तापवून आक्कापुढे ठेवली आणि म्हणाली, ‘आक्का, इथल्या कैऱ्याही आंबटच आहेत.’ तिथं करडईचं तेल नव्हतं, जवसाचं होतं. मोहरी कमी पडली म्हणून त्या मामीनं मेथ्या तेलात लाल तळून, कुटून, दुप्पट घातल्या. आक्कानं नाक मुरडलं, पण घातलं. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 17ला निजाम शरण आला. गाड्या परत फिरल्या तेव्हा ती बरणी पुन्हा आक्काच्या मांडीवर होती, भरलेली. आमच्या घरच्या लोणच्यात आजही मेथ्या तळून, कुटून घालतात. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाची आमच्या घरातली खूण ती एवढीच, आणि 17 सप्टेंबरचं झेंडावंदन करून आलेली आमची मामेभावंडं ती भाकरीला लावून खातात.

जुन्या संस्थानानं आम्हाला आणखीही काही दिलं. मराठी, तेलुगू, कानडी मुलूख एका राज्यात नांदले, तेव्हा माणसं आणि चवी इकडून तिकडे गेल्या. आजोबांचे एक चुलतभाऊ हैदराबादेत कारकून होते. ते सुट्टीत येताना आवकाया आणायचे, मोहरीच्या पुडीत लडबडलेली लालभडक आंध्रातली कैरी. आक्कानं ती चाखून ‘तिखट आहे, पण घरंदाज आहे’ असं प्रमाणपत्र दिलं होतं. पुढे धर्माबादकडची मुलगी घरात सून म्हणून आली, माझी मामी. आमच्याकडे अंबाडी म्हणजे ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी ओतलेली भाजी, आणि वाख काढून वळलेले दोर. मामीनं तीच अंबाडी तेलात परतली, सुकी मिरची आणि मेथी कुटून घातली आणि बरणीत भरली. तिच्या माहेरी तेलुगू शेजारणी अंबाडीला गोंगुरा म्हणत. तोवर आक्का थकली होती, पण तिनं ते लोणचं तिसऱ्या दिवशी स्वतः मागून घेतलं. खोलीची किल्ली पुढे तिनं याच मामीला दिली.

बहात्तरचा दुष्काळ मामानं पाहिलेला. आदल्या सालीही पाऊस नीट नव्हता. विहिरी कोरड्या, जनावरं चाऱ्याविना दावणीला झिजत होती. पाझर तलावांची, रस्त्यांची कामं निघाली. कालपर्यंत स्वतःची जमीन कसणारी माणसं खडी फोडू लागली. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी कोरडी, घशाखाली उतरेना. संध्याकाळी वाड्याच्या दाराशी बायका वाट्या घेऊन उभ्या राहायच्या. फोड कुणी मागत नसे. ‘नुसता खार द्या, माय.’ आजी द्यायची. त्या वर्षी आक्कानं बरण्यांचा हिशेब बदलला: पाहुण्यांसाठीची बरणी नाही, मुंजीसाठीची नाही, सगळ्या दाराशी येणाऱ्यांच्या.

आणि इथंच दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. गाड्यांतली ती दोन रात्रींची समता गावात परतल्यावर टिकली नव्हती. दाराशी आलेल्या काही वाट्यांत खार वरून, अंतर राखून, ओतला जाई. मामा हे सांगतो तेव्हा मान खाली घालतो. गावातल्या बौद्ध वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे मी त्यांच्या घरच्या लोणच्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तेल कुठलं गं बाई? खळ्यावरून पडक्या कैऱ्या आणायच्या, मीठ लावायचं, वरवंट्यानं मिरची ठेचून घालायची. आठ दिवसांत फस्त. नासायला उरतच नव्हतं.’ वर्षभर टिकणाऱ्या लोणच्यामागे तेल, हिंग, मोहरी विकत घेण्याची ऐपत असते आणि साठवायला कोरडी खोली असते, हे माझ्या आजोळच्या गोष्टींत कधी आलं नव्हतं. ते त्या बाईंनी मला शिकवलं. त्यांच्या ठेच्यातली कैरी मी खाल्ली. ताज्या कैरीची इतकी धारदार चव आमच्या मुरलेल्या बरणीत नाही.

पाळी आलेल्या बाईनं लोणच्याकडे बघायचंही नाही, हा नियमही त्या खोलीत होता. लोणच्याचा शत्रू ओला हात, ओला चमचा आणि कमी पडलेलं मीठ. बाईच्या सावलीनं बरणी नासत नाही. मामीच्या हाती किल्ली आल्यावर तिनं हा नियम काही न बोलता मोडला, आणि बरण्या पूर्वीइतक्याच चांगल्या राहिल्या. एवढा पुरावा पुरेसा आहे.

लोणचं म्हणजे कैरी, असं मात्र कुणी समजू नये. मृगाआधी भोकरं येतात. बोटाला चिकटणारा त्यांचा बलक मीठ लावून काढायचा, बी टाकायची, पोकळीत कैरीचा कीस आणि मोहरी भरायची. हिवाळा लागला की खोलीत पुन्हा वर्दळ. हिरव्या मिरच्या चिरून फेसलेल्या मोहरीत आणि लिंबाच्या रसात. दोन दिवसांत त्या पिवळ्या पडतात आणि ज्वारीच्या गरम भाकरीवर त्यांच्यापुढे पक्वान्न उभं राहत नाही. वसमतकडून आलेली ओली हळद, आंबेहळद आणि आलं यांचे काड्यांसारखे तुकडे. गाजर, मुळा, फ्लॉवर, मटार यांचं संक्रांतीच्या सुमाराचं ताजं लोणचं, जे चार दिवसांत संपवायचं. कोवळी गवार वाफवून. कारल्याच्या चकत्या मिठात दाबून, कडू पाणी पिळून, गुळाच्या पाकात. आवळा. आणि लिंबू. लिंबाचं उपासाचं लोणचं, तेलाशिवाय, नुसतं मीठ, साखर, जिरं आणि ऊन. ते वर्षागणिक काळं होत जातं. तापातून उठलेल्या माणसाच्या जिभेला चव आणायला आक्का बरणीच्या तळातून काळ्याभोर लिंबाची एक फाक काढायची. ती कोणत्या सालची, हे तिलाच ठाऊक. पंगतीत लोणच्याची जागा पानाच्या डाव्या हाताला, मीठ-लिंबाच्या शेजारी, बोटभर. पण ते वाढल्याखेरीज पान पुरं झालं असं कुणी म्हणत नाही.

आता गावातल्या दुकानात पाव किलोच्या पुड्या लटकतात. बेडेकरांचं दुकान गिरगावात 1910मध्ये निघालं, पुढे विकतचं लोणचं मराठी घरात येत गेलं, आणि नोकरीवर जाणाऱ्या बाईला ते मिळतं याचा मला आनंद आहे. माझी खंत वेगळी आहे. ती झाडांची आहे.

जांबच्या शिवारात बांधाबांधावर गावरान आंबे होते. गोट्या, शेंद्र्या, साखऱ्या, शेपूच्या वासाचा शेप्या, आणि ओढ्याकाठचा लोणच्या. हा लोणच्या पिकला तरी कुणी खात नसे, इतका आंबट आणि दोरेदार. पण त्याची फोड दुसऱ्या मृगापर्यंत दाताखाली करकरायची. 1976मध्ये जायकवाडीचं धरण झालं, डाव्या कालव्याचं पाणी या भागाकडे आलं, ऊस आणि मोसंबी वाढली. 1990नंतर रोजगार हमीतून फळबागा लागल्या, केसरची कलमं ओळीनं उभी राहिली. त्यानं माणसांच्या हातात पैसा आला. मोसंबीनं जालन्याला नाव दिलं, तिला आणि मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बांध अरुंद झाले, सावली पिकाला नको झाली, आणि लोणच्याचे आंबे एकेक करून करवतीखाली गेले. 2012-13च्या अवर्षणात मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, तेव्हा खोल मुळांचे उरलेसुरले गावरान आंबे हिरवे उभे होते.

गावरान आंब्याचं झाड गेलं की ते परत आणता येत नाही. आपल्याकडच्या या आंब्यांच्या कोयीतून एकच अंकुर येतो, आणि तो परागाच्या संकरातून आलेला असतो. लोणच्याची कोय लावली तर उगवणारं झाड लोणच्याच असेल याची खात्री नाही. प्रत्येक बांधावरचा आंबा जगात एकटाच असतो. तो टिकवायचा तर त्याची काडी दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. राणूबाई, आक्का, मामी यांनी जपलेली कृती कागदावर उतरवता येईल. ज्या कैरीवर ती बेतली होती ती कैरी कागदावर उतरत नाही. लोणच्याच्या आंब्याला कुठलं मानांकन नाही, बाजारभाव नाही, म्हणून तो वाचवण्याचं काम गावालाच करावं लागेल, आणि झाडं उभी आहेत तोवरच.

ओढ्याकाठचा तो जुना लोणच्या अजून उभा आहे. ज्यांच्या रानात तो आहे त्या शेतकऱ्याच्या आईनं त्याला करवत लावू दिली नाही. गेल्या साली आमच्या मामेभावानं गावरान कोयांची रोपं पिशव्यांत वाढवली. लोणच्याच्या तीन-चार महिन्यांच्या फांद्यांची पानं आठ-दहा दिवस आधी छाटायची, डोळे फुगले की काडी उतरवायची, रोपाच्या कोवळ्या शेंड्याला खाच पाडून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. जुलै-ऑगस्टची दमट हवा याला मानवते. कुंभार पिंपळगावच्या दोन घरांनी आणि बौद्ध वस्तीतल्या त्या बाईंच्या नातवानं एकेक रोप मागून ठेवलं आहे. मामीनं तिचं रोप परसातल्या विहिरीजवळ लावायचं ठरवलंय, आणि मामाचा आग्रह आहे की ते बांधावरच गेलं पाहिजे. पानं छाटून झाली आहेत, आणि नागपंचमीच्या आत कलमं बांधायची आहेत.